फायरप्लेसमधला भात

माझं आणि यज्ञेशचं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही असं धरून आपण मार्गशीर्षातल्या एका सकाळपासून सुरुवात करू. त्या सकाळी बनारसमध्ये धुकं इतकं दाट होतं की मंगला गौरीच्या गल्लीत मला माझेच बूट दिसत नव्हते. खांद्यावर अवजारांची पिशवी होती, हातात पत्ता होता, आणि पत्त्याचा काही उपयोग नव्हता.

समोरून स्तोत्र येत होतं. नुसतं स्तोत्र, म्हणणारा दिसत नव्हता. मग स्तोत्र माझ्या पिशवीवर आदळलं.

"अगं आई गं," मी म्हणाले.

"माफ कीजिए," तो पिशवीला म्हणाला. मग धुक्यातून जरा वर पाहिलं, तिथे मी होते. पंचगंगा घाटावर गंगेत बुडी मारून आलेला दिसत होता. केसांतून पाणी ठिबकत होतं, अंगावर शाल, नाकाचा शेंडा लाल... आणि पापण्यांवर धुक्याचे थेंब. पापण्या माझ्या कामाचा भाग नव्हत्या. तरी पाहिल्या.

"आपण मराठी?" त्याने विचारलं.

"दुखलं की मराठी," मी म्हणाले. "टोकेकरांचं घर कुठलं? फायरप्लेस साफ करायची आहे."

तो चपापला. म्हणाला, आम्हाला वाटलं होतं कोणी मिस्त्री भैया येतील.

"भैया मीच," मी म्हणाले.

तो यज्ञेश टोकेकर. विद्यापीठात संस्कृतवर संशोधन करतो आणि घरात धाकटा आहे. मी कस्तुरी वाघुळदे. आम्ही मूळ भुसावळचे. वडील इथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे घरात इंजिनाबद्दल बोललं की मुलगी हुशार समजतात. मी गॅसच्या उपकरणांची देखभाल करते. हॉटेलांच्या भट्ट्या, गीझर, असलं सगळं. फायरप्लेस हॉटेलांत पाहिली होती. पण या जुन्या गल्ल्यांत, जिथे पलंग आत न्यायचा तर आधी त्याचे पाय कापावे लागतात, तिथे कोणाच्या बैठकीत भिंतीतली गॅसची शेकोटी असेल हे मला खरं वाटलं नव्हतं.

ती होती. यज्ञेशचा थोरला भाऊ विश्वजीत दिल्लीत हॉटेलांची सजावट करतो. एका हॉटेलने ऐन वेळी नको म्हटलेली फायरप्लेस त्याने आईच्या गुडघ्यांसाठी पाठवून दिली होती. पुढे काच, आत चिनीमातीची खोटी लाकडं, खाली बर्नर, आणि धूर बाहेर न्यायला मागच्या भिंतीतून काढलेला पाइप. आई म्हणजे इंदूकाकू, त्या तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. वडील दत्तात्रेयशास्त्री तिच्याकडे पाठ करून बसत. ज्या अग्नीला बटण असतं तो अग्नी नव्हे, असं त्यांचं मत होतं. पाठ मात्र ते तिच्या अगदी जवळ करत.

मी गॅस बंद केला, काच निवू दिली, खालचे चाप सोडले आणि काच उतरवून चादरीवर ठेवली. यज्ञेश शेजारी मांडी घालून बसला. मी ब्रश मागितला की कापड द्यायचा, कापड मागितलं की माझ्याकडे बघायचा.

"तुमच्या हातात नेहमी पानाच असतो?" त्याने विचारलं.

"जेवताना काढून ठेवते."

खोट्या लाकडांमध्ये काळे काळे, लहान, लांबट दाणे पडले होते. अशा शेकोट्यांत निखाऱ्यांसारखं दिसावं म्हणून कंपन्या बारीक तुकडे घालून देतात, हे मला माहीत होतं. कंपनीने घातलेली वस्तू हरवायची नसते, हेही माहीत होतं. मी ते दाणे चिमट्याने एकेक उचलले, मऊ दातब्रशाने हलकेच साफ केले, आणि लाकडांवर परत मांडले. जरा कलात्मकच मांडले, खरं तर. यज्ञेश थक्क होऊन बघत होता. मला वाटलं, माझ्याकडे.

ज्योत निळी, टोकाला सोनेरी झाली. काकूंनी चहा दिला. शास्त्रीबुवांनी पाठ शेकली. मी निघाले तेव्हा तो गल्लीच्या तोंडापर्यंत पिशवी घेऊन आला आणि मला न देता उभाच राहिला.

"पिशवी," मी म्हणाले.

"हां... ती तुमची, नाही का," तो म्हणाला.

पौषात काकूंचा फोन आला. ज्योत पिवळी झाली होती, काच काळी पडली होती. काजळी धरलीय हे फोनवरच कळलं, पण का धरली ते कळेना. मी गेले, काच उतरवली, आणि बघते तर दाणे वाढले होते.

यंत्रात बिघाड होतात, झीज होते, मुंग्या होतात. मात्र कंपनीचे निखारे व्यालेत असं मी ऐकलं नव्हतं. मी एक दाणा बोटांत धरून चुरडला. आतून पांढरा निघाला. वास घेतला... साजूक तूप.

"काकू," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "यात भात आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "गरम असतानाच घालतो आम्ही. थंड कसा घालणार?"

मग त्यांनी सगळं समजावलं. घरात जेवायच्या आधी अग्नीला दोन शितं वाहायची, हा त्यांच्याकडचा पूर्वापारचा रिवाज. शास्त्रीबुवांचं सगळं त्यांच्या देवघरातल्या कुंडात रीतसर होतं. पण बैठकीत आणखी एक अग्नी दिवसभर जळतोय, सगळं घर त्याच्यासमोर बसून जेवतंय, आणि त्याला कोणी विचारत नाही, हे काकूंना बघवेना. शास्त्रीबुवा त्याला अग्नी मानायला तयार नव्हते. म्हणून त्या यज्ञेशला सांगत, आणि तो वडील घाटावर गेले की काच उघडून तूपभात घालत असे.

मी चिमट्याकडे पाहिलं. दातब्रशाकडे पाहिलं. गेल्या वेळी मी या लोकांचा जळका भात घासून, पुसून, नक्षी काढून परत मांडला होता.

"तुम्ही बघत होता," मी यज्ञेशला म्हणाले. "बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला पता आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "इतक्या भक्तीने प्रसाद मांडलेला मी कोणाला पाहिलं नव्हतं. बाबांना पण नाही."

यावर मी बर्नरची भोकं तारेने साफ केली. मग त्या दोघांना बसवून सांगितलं. भाताने भोकं बुजतात, ज्योत कोंडते, काजळी होते. ते एक वेळ परवडलं. पण काचेच्या कडेला ही दोरीसारखी पट्टी आहे ना, ती जागेवर नीट बसली नाही तर जळलेला वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप लागते आणि मग उठवावं लागत नाही. म्हणून काच मी सोडून कोणी उघडायची नाही. भिंतीवर मी एक अलार्म लावून दिला; हा वाजला की खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि बाहेर जा, म्हणून दोनदा वदवून घेतलं. यज्ञेशने मान हलवली. शपथ घेतली तीसुद्धा संस्कृतात, त्यामुळे मला ती पक्की वाटली.

त्या दिवशी त्याने मला चौकात मलइयो खिलवला. थंडीतच मिळतो तो, दुधाचा केशरी फेस. मातीच्या कुल्हडात दिसतो भरपूर आणि तोंडात गेला की गेलाच.

"हे खाल्लं का मी?" मी विचारलं.

"खाल्लंत. ओठांवर पुरावा आहे," तो म्हणाला, आणि मग स्वतःच इतका लाजला की कुल्हडात बघू लागला.

त्याची मराठी गंगेत बुडवून काढल्यासारखी आहे असं मी म्हणाले. तो म्हणाला, आणि तुमची रुळावरून धडधडत येते. धुक्यात कुठेतरी घंटा वाजत होती. मी कुल्हड चाटत होते आणि मनात एकच विचार होता की फायरप्लेस आता ठीक झाली. ठीक झालेल्या फायरप्लेसकडे माणूस वर्षातून एकदा जातं. पुढचा मार्गशीर्ष लांब होता.

"सर्व्हिसिंग वर्षातून एकदाच असते?" त्याने विचारलं.

"नीट वापरली तर."

"आणि नीट नाही वापरली तर...?"

मी हसले.

संक्रांतीनंतर काकूंचा फोन आला. गुळपोळी खायला ये म्हणाल्या. काच पण जरा काळी झालीय गं, म्हणाल्या. आणि सहज, बोलता बोलता म्हणाल्या की हल्ली दुपारी सिर भारी भारी लागतं, खुर्चीतून उठवत नाही, वय झालं आता.

मी पिशवी कशी उचलली, रिक्षा कशी केली, ते मला आठवत नाही. घरात शिरले तर काकू फायरप्लेससमोर डोळे मिटून बसल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी उत्तर दिलं, पण उशिरा, लांबून दिल्यासारखं.

गॅसचा कॉक बंद केला. खिडक्या उघडल्या, दार उघडलं, धुकं आत घुसलं. काकूंना शास्त्रीबुवांच्या मदतीने उठवून अंगणात आणलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता बरं वाटतंय गं. पण गुळपोळी आत राहिली." तरी आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण वेळेवर बाहेर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

त्या परतल्यावर मी भिंतीकडे बोट दाखवलं. अलार्म जागेवर नव्हता.

"तो फार ओरडायचा," काकू म्हणाल्या. "यांच्या संध्येच्या वेळी. काढून उशीखाली ठेवला मी."

काच एका कोपऱ्यात पट्टीवरून घसरून वाकडी बसली होती. आत लाकडांवर ताजा, तुपाने चमकणारा भात होता.

"काच कोणी उघडली?" मी विचारलं.

यज्ञेश दारात उभा होता. त्याचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला होता. "मी," तो म्हणाला.

आता कोणीतरी ओरडेल असं मला वाटलं. शास्त्रीबुवा सावकाश वळले. फायरप्लेसच्या बाजूला त्यांचं तोंड झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"या यंत्रात तू आहुती घालत होतास?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"रोज?"

"हो."

ते मटकन खाली बसले. "लग्न झालेलं नसताना?"

मी माणसांचे अनेक प्रकारचे धक्के पाहिले आहेत. बिल बघितल्यावरचे, गीझर फुटल्यावरचे. हा नवीन होता. शास्त्रीबुवांचं म्हणणं असं होतं की गृहस्थाच्या अग्नीत आहुती द्यायचा अधिकार गृहस्थाला, आणि गृहस्थ म्हणजे लग्न झालेला. ब्रह्मचाऱ्याने परस्पर अग्नी जोपासला, म्हणजे आता तो अग्नी धड लौकिक, म्हणजे नुसता विस्तव, राहिला नाही, धड दुसरा कुठला नाही. बटण असलं तरी त्याने हवि खाल्लाय. हे निस्तरायचं कसं? घरातल्या बाईचा जीव जाता जाता वाचला, आणि हे गृहस्थ अग्नीचा दाखला शोधत होते. माझ्या हातातला पाना खाली पडला.

"बाबा, ते राहू द्या," यज्ञेश म्हणाला. "आई गेली असती. माझ्यामुळे. आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी श्रद्धेने भात घातला. नंतर यांनी मना केलं होतं. तरी घालत राहिलो... कारण बिघडलं की या येतात."

काकूंनी गुळपोळीची ताटली हातात घेतली होती, ती तशीच राहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तुकडा मोडून तोंडात टाकला. त्या खोलीत धक्का न बसलेल्या त्या एकट्याच होत्या.

मी कॉकची मूठ काढून पिशवीत टाकली आणि निघाले.

गल्लीत तो मागून आला. पिशवी मागितली नाही, काढूनच घेतली. आम्ही चालत राहिलो. एका बंद दुकानाच्या पायरीशी मी थांबले.

"काकू खुर्चीत तशाच बसून राहिल्या असत्या, यज्ञेश. सगळ्यांना वाटलं असतं, डुलकी लागलीय."

त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि तिच्या शेजारी स्वतःही बसला, कोणीतरी उतरवून ठेवल्यासारखा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तो लपवत नव्हता.

"फोन करायचा होता," मी म्हणाले. "माझा नंबर तर फायरप्लेसवर चिकटवलेला आहे."

"तो ऑफिसचा आहे."

"ऑफिस म्हणजे मीच."

"फोन करून काय सांगितलं असतं?"

"आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंत तेच."

"ते फोनवर बोलायला हिंमत लागते," तो म्हणाला.

"आणि भात घालायला?"

"दोन शितं लागतात फक्त..." त्याने शालीने नाक पुसलं. मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

"गॅस मी परत चालू करणार नाही," मी म्हणाले. त्या बंद कॉकमागे माझं त्या घरात येणंही बंद होत होतं. "तिथे आता माझं काही काम नाही."

"नका करू चालू." त्याने वर पाहिलं. पापण्यांवर पुन्हा थेंब होते, या वेळी धुक्याचे नव्हते. "पण आपण या. काहीच बिघडलेलं नसताना या."

"काही बिघडल्याशिवाय मला कोणी बोलावत नाही. कधीच नाही."

"मी बोलावतोय."

गल्लीतून एक सायकल गेली, एक माणूस गेला, एक बकरी गेली. मी तिघांनाही जाऊ दिलं. मग पिशवी उचलून खांद्याला लावली, आणि मोकळा झालेला त्याचा हात पायरीवर पडला होता तो धरला. गार होता. पंचगंगेहून गार.

"उद्या येते," मी म्हणाले. "पाना न घेता."

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातांनी टोकेकरांच्या बैठकीत जाऊन बसले. शास्त्रीबुवा अस्वस्थ झाले. आज काय बिघडलंय, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणाले. मग, ते म्हणाले. मग यज्ञेशने सांगितलं की त्याला माझ्याशी लग्न करायचं आहे, आणि माझीही ना नाही.

माझं आडनाव त्यांच्या सोयरिकीत आजवर आलेलं नव्हतं, आणि मला वाटलं, आता तेच निघणार. मी चहाच्या कपाचा कान घट्ट धरून ठेवला.

"हिला मंत्र येतात?" त्यांनी काकूंना विचारलं.

"मला बाहेर काढायला आलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही मंत्र म्हणत बसला होता."

शास्त्रीबुवांनी बंद फायरप्लेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, या अग्नीची राख काढली हिने, हवि मांडला हिने, आणि वेळ आली तेव्हा तो शांतही केला हिनेच. याला शास्त्रात सेवा म्हणतात. आणि यज्ञेशचं लग्न झालं की अधिकाराचा प्रश्नही सुटतो. सगळं बोलणं त्यांनी भिंतीला उद्देशून केलं, पण काकूंनी लगेच माझ्या हातावर साखर ठेवली.

माझी एकच अट होती. भात नाही, आहुती द्यायची ती मनातल्या मनात. शास्त्रीबुवांनी जुने आधार धुंडाळून त्याला मान्यता दिली. मी नवी पट्टी बसवली, काच लावली, साबणाच्या पाण्याने जोड तपासले, अलार्म उशीखालून काढून भिंतीवर लावला, आणि मूठ परत बसवून गॅस सुरू केला. निळी ज्योत लागली. यज्ञेशने नमस्कार केला. मीही केला, बघत कोणी नव्हतं.

आता अडचण एवढीच आहे की शास्त्रीबुवा म्हणतात, लग्न याच अग्नीच्या साक्षीने होईल. फायरप्लेस भिंतीत आहे. तिला प्रदक्षिणा घालायची तर आम्हाला बैठकीतून निघून, दारातून बाहेर, मागच्या गल्लीतून, शेजारच्या पांडेजींच्या स्वयंपाकघरातून फिरून परत यावं लागतं. पांडेजी तयार आहेत. प्रश्न मागच्या गल्लीचा आहे. तिथे आमच्या धुराच्या पाइपाखाली, ऊब लागते म्हणून, एक सांड येऊन बसू लागला आहे. शिवाय गल्ली त्याच्याएवढीच रुंद आहे. म्हणून खालील अर्ज केला आहे.

प्रति,
माननीय सांड महोदय,
मागची गल्ली, मंगला गौरी, वाराणसी.

विषय: विवाहमुहूर्तावर मार्ग मोकळा करून देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार कु. कस्तुरी वाघुळदे व चि. यज्ञेश टोकेकर हे अग्नीस प्रदक्षिणा घालत असताना आपण उभे राहून भिंतीकडे सरकावे. आपल्या पाठीवरून उडी मारण्याची वराची तयारी आहे, परंतु वधूने नऊवारी नेसलेली असेल. उठणे आपल्या सोयीचे नसल्यास निदान शेपटी आवरून घ्यावी, आणि प्रत्येक फेरीला आम्ही दोघे आपल्यापाशी अडकून उभे राहिलो असता आपण कृपया दुसरीकडे पाहावे.

आपली विश्वासू,
अर्जदार